गादीवर आले त्या साली

नृसिंहानं शाळेतली मास्तरकी सोडून मुंबईच्या एका कंपनीची विम्याची एजन्सी घेतली, तेव्हा शनिवार पेठेतल्या त्याच्या बोळाला महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. माणूस मेल्यावर घरच्यांना पैसे मिळतात, इथपर्यंत लोक कसेबसे आले होते. पण हा पठ्ठ्या मोटारीचाही विमा उतरवतो म्हटल्यावर त्याची आई, जिला सगळा बोळ अक्का म्हणे, तीसुद्धा कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, लोखंडाला कसलं आलंय मरण? आणि राजवाड्यातल्या सोडल्या तर कोल्हापुरात मोटारी आहेत किती? त्यातल्याही निम्म्या लोक ढकलतच नेतात."

अक्काचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण नृसिंह हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला गरजेपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं. शाळेत तो इतिहास शिकवायचा. सनावळ्या अशा तोंडपाठ, की झोपेतून उठवून लढाई विचारली तरी वार आणि तिथीसकट सांगेल. एखाद्या पोरानं सन चुकवला तर छडीआधी त्याचाच चेहरा दुखावल्यासारखा व्हायचा. अशा माणसानं एक सन चुकीचा धरावा, आणि तो सुधारायची वेळ आली तेव्हा त्याची जीभ टाळूला चिकटावी, याला दैव म्हणायचं की कर्म, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी कर्म म्हणतो.

विम्याचं पहिलं गिऱ्हाईक त्याला बोळातच मिळालं. एकोणीसशे अठराच्या मानमोडी तापाच्या साथीत नवरा चमन गेल्यावर शहाजादी नावाची बाई आपल्या दाढीवाल्या मुलाला घेऊन मिरजेहून तिथं राहायला आली होती. माहेर तिचं कोडोलीचं. ती बांगड्या भरायची. हात असा हलका, की ज्या मनगटावर दुसऱ्या कासारणीनं चार बांगड्या फोडल्या असत्या तिथं शहाजादी डझनभर चढवून मोकळी व्हायची. लग्नाचा चुडा भरायला तर पेठेतल्या बामणांपासून तेल्यांपर्यंत सगळ्यांना तीच लागे.

नव्या नवरीचा हात भीतीनं आखडतो. तो सैल पडावा म्हणून शहाजादीची एक युक्ती होती. ती आपल्या लग्नाची गोष्ट सांगायची. कोल्हापूरला आगीनगाडी आली त्याच साली तिचं लगीन. मिरजेचं वऱ्हाड गाडीत बसून आलं, आणि इंजिनानं शिट्टी मारल्याबरोबर नवरदेवाचा मामा 'या अल्ला' म्हणून फलाटावर आडवा झाला, तो उठेचना. पोरगी खुदकन हसायची, अन् तेवढ्यात बांगडी मनगटावर. ती गोष्ट बोळातल्या सगळ्या बायकांना पाठ होती, तरी प्रत्येक लग्नात ती नव्यानं सांगावी लागायची.

तिचा मुलगा लालासाब मिरजेत एका डॉक्टरसाहेबाची मोटार चालवायला शिकला होता. इथं आल्यावर मायलेकरांनी होतं नव्हतं ते घालून एक जुनी फोर्ड घेतली. ती कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत माणसं न्यायची आणि आणायची. लालासाब तिला रोज सकाळी आंघोळ घालायचा. स्वतःला इतक्या निगुतीनं घालत नसेल.

नृसिंह त्याच्या ओट्यावर जाऊन बसला आणि त्यानं विमा समजावला. लालासाबनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे गाडी मोडली तर तुमची कंपनी भरपाई देनार?"

"देणार."

"आनी न्हाय मोडली तर?"

"तर त्या वर्षाचा हप्ता गेला."

"म्हंजे मोडल्याबिगर फायदा न्हाय की, मास्तर!" लालासाब हसला. "बरं, हप्ता किती म्हनायचा?"

इथं नृसिंहाला रंग चढला. हप्ता सगळ्यांना सारखा नसतो, हे सांगायला त्याला फार आवडायचं. गाडी घरची की भाड्याची, रात्री उघड्यावर असते की छपराखाली, रस्ता सपाटीचा की डोंगराचा, आधी कुठं ठोकली होती का, आणि हाकणारा कसा, किती वर्षांचा, यावर सगळं असतं.

"घोडं इकत घेताना इचारत्यात तसं झालं की ह्ये," लालासाब म्हणाला. "दात बघत न्हाईत न्हवं माजं?"

हसण्यावारी गेलं, पण एकेक उत्तर येत गेलं तसा हप्ता चढत गेला. गाडी भाड्याची, चढला. रस्ता डोंगराकडचा, आणखी चढला. छप्पर होतं म्हणून जरा उतरला, कधी ठोकली नव्हती म्हणून आणखी जरा. तरी आकडा ऐकून लालासाबचा चेहरा पडला, आणि त्याच्या दुप्पट नृसिंहाचा. पहिलंच गिऱ्हाईक, आणि ते हातचं चाललं. आता राहिलं होतं फक्त वय. कंपनीचा नियम असा, की हाकणारा तिशीच्या आतला असेल तर उतावळा धरायचा आणि हप्ता वाढवायचा. तिशी ओलांडलेला असेल तर पोक्त धरायचा आणि चांगला घसघशीत उतरवायचा.

"वय किती तुझं?"

"मला काय ठावं? आईला इचारा."

शहाजादी दारातच बसून बांगड्या दोऱ्यात ओवत होती. ती म्हणाली, "महाराज गादीवर आले त्या साली झालाय ह्यो. माज्या म्हायेरी, कोडोलीला. तितं चावडीवर साखर वाटत व्हते, आनी हितं ह्यो बोंबलत व्हता."

नृसिंहानं कागदावर लिहिलं, अठराशे चौऱ्याऐंशी.

आता कोल्हापूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्याला सांगावं लागतं. आमचे महाराज गादीवर दोनदा आले. चौऱ्याऐंशी साली कागलहून लहानपणी दत्तक आले, ते एकदा. वयात आल्यावर चौऱ्याण्णव साली राज्याचा कारभार हाती घेतला, ते दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा आनंद झाला, साखर वाटली गेली, आणि लोक दोन्हीला 'गादीवर आले' असंच म्हणतात. मधे दहा वर्षांचं अंतर. शाळेतल्या पोरानं असं मोघम उत्तर दिलं असतं तर नृसिंहानं त्याला उभं करून विचारलं असतं, कुठलं रे गादीवर येणं, दत्तकाचं की कारभाराचं? एवढाच प्रश्न होता. तो त्यानं शहाजादीला विचारला नाही. चौऱ्याऐंशी धरलं की लालासाब छत्तीस वर्षांचा होत होता, आणि त्याची ती छातीवर रुळणारी दाढी त्याला साक्षही देत होती. हप्ता उतरला. लालासाबनं सही केली, शहाजादीनं गूळपाणी दिलं, आणि नृसिंह घरी येऊन अक्काला म्हणाला, "बघ, लोखंडालाही मरण असतं."

आपली चूक त्याला कळली ती पुढं नागपंचमीला. लालासाब लुंगी खोचून तालमीतल्या पोरांबरोबर धावत होता, झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभा राहून फांदीला पाय लावत होता. छत्तिशीचा माणूस असा धावत नाही. नृसिंह स्वतः अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि हा आपल्यापेक्षा दोन वर्षं लहानच असेल हे त्याला त्या झोक्याखाली उभं राहून स्वच्छ दिसलं. मनात म्हणाला, पुढच्या वर्षी कागद नव्यानं होतील तेव्हा बघू. माणसाला आपली चूक पुढच्या वर्षावर ढकलायला किती सोपं जातं! आणि तसं म्हटलं तर, तो स्वतःलाच समजावत होता, मी खोटं कुठं लिहिलं? म्हातारी म्हणाली तेच लिहिलं.

चैत्रात जोतिबाची यात्रा झाली. यात्रेची गर्दी ओसरताना लालासाब रिकामी मोटार घेऊन माणसं आणायला डोंगराकडे चालला होता. वाटेत केर्ली गावाजवळच्या उतारावर समोरून परतणाऱ्या बैलगाड्यांची रांग आली. भोंगा ऐकून एक बैल बिथरला आणि गाडी रस्त्यात आडवी झाली. गाडीत बायकापोरं होती. लालासाबनं क्षणभरही विचार केला नाही, मोटार ओढ्यात घातली. माणसं वाचली. तोही वाचला, हनुवटी फुटून. मोटार मात्र अशी चेचली, की भंगारवाल्यानंही तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून नकारार्थी मान हलवली.

"मास्तर, तुमी व्हता म्हनून," शहाजादी अक्काच्या उंबऱ्यात येऊन म्हणाली. "न्हायतर आमी मायलेकरं भीक मागायची येळ आलती." तिचे डोळे भरले होते. नृसिंहानं कंपनीला कळवलं, वयाबद्दल मात्र अक्षर लिहिलं नाही.

कंपनीनं मुंबईहून एक तपासनीस पाठवला. कोटटोपीवाला, सावकाश बोलणारा, बारीक नजरेचा गृहस्थ. तो आणि नृसिंह लालासाबच्या ओट्यापुढं टांग्यातून उतरले तेव्हा शहाजादी शेजारच्या बनाबाईच्या हातात बांगड्या भरत होती. बोळातली तानाबाई आणि आणखी चारसहा जणी भोवती बसल्या होत्या. साहेब आलेला बघून कुणी उठलं नाही. उलट जास्तच ऐसपैस बसल्या.

लालासाब बाहेर आला आणि तपासनीस त्याच्याकडे बघतच राहिला. दवाखान्यात टाके घालताना त्याची दाढी काढली होती. दाढी गेली आणि तिच्याखालून एक कोवळा, गोल गालांचा गडी निघाला होता.

"हे छत्तीस वर्षांचे?" तपासनीसानं नृसिंहाला विचारलं. "मास्तर, वय कुणाला विचारून लिहिलंत?"

"यांच्या आईंना."

"त्या नेमकं काय म्हणाल्या?"

"महाराज गादीवर आले त्या साली."

"मी येताना गाडीत चौकशी केली," तपासनीस म्हणाला. "तुमच्या महाराजांनी कारभार घेतला चौऱ्याण्णवला. तुम्ही लिहिलंय चौऱ्याऐंशी."

"दत्तविधान चौऱ्याऐंशीला झालं." नृसिंहाचा आवाज वर्गात निघायचा तसा निघाला. निदान तेवढं तरी त्याला बिनचूक सांगता येत होतं.

तपासनीस हसला. "म्हणजे महाराज दोनदा गादीवर आले आणि हा माणूस दोनदा जन्मला! मास्तर, माझं काम सोपं आहे. तुम्ही नीट न विचारता आपल्याच मनानं सन धरला असेल, तर ती आमच्या एजंटची चूक. कंपनी भरपाई देईल, आणि तुमचं काय करायचं ते कंपनी आणि तुम्ही बघाल. पण या लोकांनीच वय वाढवून सांगितलं असेल, तर भरपाई विसरा. बोला. तुम्ही विचारलं होतं का, कुठलं गादीवर येणं?"

एवढं सरळ, एवढं स्वच्छ कुणी विचारत नाही. 'नाही विचारलं' हे दोनच शब्द. ते नृसिंहाच्या जिभेवर आले होते. पण त्यांच्यामागून सोडलेली शाळा आली, दारावर नुकतीच लावलेली पाटी आली, 'मी सांगत नव्हते?' म्हणणारी अक्का आली, आणि सनावळीत चुकलेला मास्तर म्हणून फिदीफिदी हसणारा सगळा बोळ आला. भ्याला तो. दुसरा शब्द नाही.

"त्यांनी जे सांगितलं तेच मी लिहिलं," तो म्हणाला.

अक्षर न् अक्षर खरं, आणि सगळं मिळून धादांत खोटं.

तपासनीस शहाजादीकडे वळला. "बाई, तुम्हीच सांगा. मुलगा झाला तेव्हा महाराज दत्तक आले होते, की कारभार हाती घेतला होता?"

बनाबाईचा हात शहाजादीच्या हातात तसाच होता, बांगडी अर्ध्यावर अडकलेली. शहाजादीनं लेकाच्या हनुवटीवरच्या पट्टीकडे पाहिलं. मग नृसिंहाकडे. नृसिंह टांग्याच्या चाकाकडे बघत होता. तिला सनावळी कळत नव्हती, पण पोराचं वय थोरलं निघालं तर बरं आणि धाकटं निघालं तर वाईट, एवढं तिला या बोलण्यातनं उमगलं होतं.

"दत्तक आले तवा," ती म्हणाली. "व्हय. दत्तकच. कारभाराच्या टायमाला ह्यो चांगला पळत व्हता की."

"नक्की?"

"आई हाय मी त्येची. मला ठावं नसंल व्हय?"

तपासनीसानं पुन्हा एकदा लालासाबच्या गोल गालांकडे पाहिलं. कोडोलीला जन्माचा कागद मिळायचा नव्हता, आणि आईची साक्ष त्याला खोडता येईना. त्यानं टिपून घेतलं, टोपी नीट केली आणि टांग्यात चढला. बनाबाईनं हात सोडवून घेतला. अर्ध्यावरची बांगडी तिनं स्वतःच ओढून काढली आणि ती उठून गेली. तिच्यामागून तानाबाई. मग बाकीच्या.

नृसिंहाला काही कळलं नाही. त्याला फक्त सुटल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी जेवायला वाढताना अक्का म्हणाली, "शहाजादीनं हे काय रे सांगितलं चारचौघांत?"

"काय सांगितलं?"

"आगीनगाडी आली कधी कोल्हापूरला?"

"एक्याण्णव साली." सन विचारल्यावर त्याच्या तोंडून आपोआपच निघायचा.

"आणि तिचं लग्न आगीनगाडी आली त्या साली. आम्ही शंभरदा ऐकलंय तिच्याच तोंडून. मग चौऱ्याऐंशीला मूल कसं रे झालं तिला?"

नृसिंहाचा हात ताटातच राहिला. मोटारीसाठी खोटं बोलताना त्या बाईला आपल्या लग्नाची आठवणच राहिली नव्हती. आपण सांगितलेली एवढी हसरी गोष्ट आपल्यावरच उलटेल, हे तिच्या मनातही आलं नसणार. अक्का पुढं बोलत होती, बोळात काय काय चाललंय ते. नृसिंहानं तेव्हा तरी सांगायला हवं होतं, की अक्का, ती खोटं बोलली, आणि ती बोलली कारण मी खरं बोललो नाही. पण भरपाई मंजूर व्हायची होती. आत्ता काही बोललो तर लालासाबचं नुकसान, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. भित्र्या माणसाला गप्प बसायला नेहमी दुसऱ्याच्या भल्याचं कारण सापडतं.

भरपाई मिळाली. लालासाबनं दुसरी मोटार घेतली. ती बघून निपाणीच्या आणि इचलकरंजीच्या दोन मोटारवाल्यांनी नृसिंहाकडे विमा उतरवला, आणि कंपनीनं त्याच्या चोख कामाबद्दल शाबासकी कळवली. गावात त्याचा जम बसला.

शहाजादीला मात्र चुड्याची बोलावणी येईनाशी झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. 'औंदा मंगळवार पेठेतली सांगितलीया,' एवढंच. नव्या नवरीच्या हाताला कुणाचा हात लागावा, यावर बायका फार बारकाईनं बघतात. काही महिन्यांनी तिनं बोळातली जागा सोडली. लालासाब केर्लीत खोली घेऊन राहिला, आणि ती वर जोतिबाच्या डोंगरावर बांगड्यांची टोपली घेऊन बसायला लागली, जिथं येणाऱ्या बायका परगावच्या असतात आणि त्यांना बांगडीवालीच्या लग्नाची चौकशी नसते. ती गेल्यावर एकदा नृसिंह तिच्या बंद दाराशी आला. पण तो तसाच पुढं गेला.

पुढच्या माघात नृसिंहाची धाकटी बहीण लीला हिचं लग्न ठरलं. चुड्यासाठी अक्कानं दुसरी बाई सांगितली. लीला रुसून माजघरात बसली. "मला शहाजादी मावशीच पाहिजे," ती म्हणाली. अक्का म्हणाली, "तुझ्या सासरी कळलं तर काय म्हणतील?" लीला रडायला लागली, आणि नृसिंहाला ते रडणं ऐकवेना. पायांत वहाणा सरकवून तो निघाला. तिला घेऊन यायचं, सगळ्या बायकांसमोर बसवायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं, असं त्यानं वाटेतच ठरवलं. फार उशिरा, पण ठरवलं.

लालासाबच्या मोटारीत गर्दी होती, वाटेत बोलणं झालं नाही. डोंगर चढून नृसिंह देवळाच्या वाटेवरच्या दुकानांपाशी आला. नारळ, गुलाल, दवणा मांडलेल्या दोन दुकानांच्या मधे शहाजादी बसली होती. वाळली होती.

"मास्तर! आवो, बसा की. लीलाचं लगीन ठरलं म्हनं?"

"तुम्हाला न्यायला आलोय, मावशी. चुडा तुम्हीच भरायचा. आणि मी सगळ्यांना सांगणार आहे, चूक माझी होती."

ती हसली. "नगं. मी आलो तर पोरीच्या सासरी बोल लागंल. तिला कशाला तरास? तिचं चांगलं होऊ दे."

"पण तुमच्यावर केवढा—"

"आवो, तुमची नवी नोकरी व्हती, भ्यालासा. मानूस भितंय. मला बायकांचं काय न्हाय वाटत, मास्तर." मग तिचा आवाज फाटला. "पोराचं वाटतंय. लालासाब माज्याशी बोलत न्हाय. त्येच राती त्येनं मला इचारलं, माजा बा कोन? मी म्हनलो, आरं, खोटं बोललो मी, तुज्या गाडीसाठी खोटं बोललो, चमनचाच हाईस तू. तर म्हनतोय, आता लाज झाकाया सांगतीस. जवळनं जातोय, पैसं ठेवून जातोय, पन आई म्हनत न्हाय."

नृसिंह तिच्या टोपलीपुढं खाली बसला.

"तुमी सांगा त्येला," शहाजादीनं त्याच्यापुढं हात जोडले. "तुमी शिकल्यालं, तुमचं ऐकंल त्यो. माजं एवडं करा."

तिनं टोपलीतल्या चांगल्या हिरव्या बांगड्या निवडून कागदात बांधल्या. "लीलाला द्या. पन मी दिल्या म्हनू नगा. बाजारातनं आनल्या म्हना."

डोंगर उतरताना नृसिंहाच्या जिवाला कितीतरी दिवसांनी जरा बरं वाटत होतं. एक तरी गोष्ट त्याला नीट करता येणार होती. पायथ्याला लालासाब मोटारीत पाणी ओतत होता. नृसिंहानं त्याला बाजूला घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तुझा जन्म चौऱ्याण्णवचा. तुझी आई म्हणाली तेव्हा मी पुढं विचारलंच नाही, चौऱ्याऐंशी मीच लिहिलं. साहेबापुढं कबूल करायला भ्यालो. तू चमनभाईंचाच मुलगा. तुझी आई तुझ्यासाठी खोटं बोलली, मी माझ्यासाठी.

लालासाबनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "वर गेलतासा न्हवं? आईनं धाडलं तुमास्नी?"

"हो, पण त्याचा—"

"वाटलंच मला." त्यानं पाण्याचा डबा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मास्तर, लई मोठ्या मनाचं हाय तुमी. एका बाईची लाज ऱ्हावी म्हनून सोताच्या अंगावर घ्यायला निगालाय. पन मी हुतो की तितं. साहेबानं तुमास्नी इचारलं, तुमी म्हनलासा, तिनं सांगितलं त्येच लिवलं. ह्या कानानं ऐकलंय."

"तेव्हा खोटं बोललो, लालासाब. आत्ता खरं सांगतोय."

"आसू द्या, मास्तर. नगा सांगू. तुमच्या तोंडी खोटं शोभत न्हाय."

नृसिंहानं त्याचा दंड धरला. शपथ घ्यावी तर कुणाची, पुरावा द्यावा तर कसला? एकच साक्षीदार होती, आणि तिचा शब्द त्यानंच घालवला होता. लालासाबनं हलकेच आपला दंड सोडवून घेतला आणि हात तोंडाशी नेऊन ओरडला, "चला पावणं, कोल्हापूर, कोल्हापूर!"

माणसं चढली. नृसिंहानं भाड्याचे पैसे पुढं केले, ते लालासाबनं घेतले नाहीत. त्यानं एका पाटलाला उठवून मागं बसवलं आणि नृसिंहाला आपल्या शेजारची जागा दिली. मांडीवर बांगड्यांची पुडी घेऊन नृसिंह बसला. मोटार सुरू झाल्यावर मागच्या पाटलानं कुरकुरत विचारलं, कोण हो हे, एवढं कौतुक चाललंय?

"ह्ये आमचं मास्तर," लालासाब रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "ही गाडी ह्येंच्या शब्दावर उभी हाय."

पाटलानं पुढं वाकून नृसिंहाला रामराम घातला. नृसिंहानंही घातला.